बेंगळूरुची मंदिरे : काल आणि आज

प्रास्ताविक

देऊळ ही आपल्या नित्य परिचयाची वास्तू आहे. तिच्यासमोरून आपण रोज जातो. काही जण आत जातात, काही बाहेरूनच हात जोडतात. परंतु देवळाचा गाभारा लहान आणि अंधारा का असतो, मंडपात इतके खांब कशासाठी असतात, जुने देऊळ बुटके आणि नवे उंच का दिसते, असे प्रश्न आपल्याला सहसा पडत नाहीत. या प्रश्नांची उत्तरे श्रद्धेत जशी सापडतात, तशीच ती दगड, चुना, पोलाद, सूर्यप्रकाश आणि समाजाच्या रीतिभाती यांतही सापडतात.

प्राचीन आणि आधुनिक मंदिरे एकाच शहरात पाहायची असतील, तर कर्नाटकाची राजधानी बेंगळूरु हे उत्तम उदाहरण आहे. नवव्या-दहाव्या शतकातील दगडी देवळे आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस उभी राहिलेली सिमेंट-काँक्रीटची मंदिरे या एकाच शहरात आहेत. शिवाय या शहराच्या इतिहासाचे एक पान मराठी माणसांनीही लिहिलेले आहे. प्रस्तुत पाठात या मंदिरांच्या आधारे दोन काळांतील मंदिरवास्तूंची तुलना केली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला —
• मंदिराच्या प्रमुख भागांची नावे व त्यांचे प्रयोजन सांगता येईल;
• बांधकामाच्या साहित्याचा वास्तूच्या आकारावर होणारा परिणाम स्पष्ट करता येईल;
• प्राचीन व आधुनिक मंदिरांतील साम्य आणि भेद उदाहरणांसह मांडता येतील;
• मंदिरप्रवेशाचा प्रश्न आणि मंदिरवास्तू यांचा संबंध समजून घेता येईल;
• जुन्या वास्तूंच्या जतनाविषयी स्वतःचे मत लिहिता येईल.

मूळ पाठ

१. मंदिराची अंगे

हिंदू मंदिराच्या केंद्रस्थानी गर्भगृह, म्हणजेच गाभारा असतो. मूर्ती किंवा लिंग येथे प्रतिष्ठित असते. गाभारा बहुधा चौरस, जाड भिंतींचा आणि एकाच दाराचा असतो. त्याच्यापुढे अंतराळ नावाची लहान जागा आणि तिच्यापुढे भक्तांसाठी सभामंडप असतो. गाभाऱ्यावर शिखर उभे राहते. दक्षिण भारतात गाभारा व त्यावरील शिखर मिळून झालेल्या वास्तूस विमान म्हणतात. आवाराच्या प्रवेशद्वारावरील उंच मनोऱ्याला गोपुर ही संज्ञा आहे. समोर ध्वजस्तंभ, आवारात किंवा जवळपास पुष्करणी आणि भोवती प्रदक्षिणामार्ग, अशी ही रचना असते.

मानसार, मयमत यांसारख्या संस्कृत ग्रंथांत या सर्व अंगांची मापे व प्रमाणे सांगितलेली आहेत. प्रदेशानुसार मंदिरांच्या नागर, द्राविड आणि वेसर अशा शैली मानल्या जातात. महाराष्ट्रात अंबरनाथचे शिवमंदिर (इ.स. १०६०) आणि सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर यांच्या शिखरांत नागर परंपरेची भूमिज ही उपशैली दिसते. बेंगळूरुची बहुतेक जुनी मंदिरे मात्र द्राविड परंपरेतील आहेत.

२. दगडाची आज्ञा

बेंगळूरु शहर अतिशय कठीण आणि प्राचीन खडकावर वसलेले आहे. लालबाग उद्यानातील उघडा खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो. हाच ग्रॅनाइटसारखा कठीण दगड येथील देवळांना मिळाला. ज्या प्रदेशात मऊ दगड उपलब्ध होता, तेथे कोरीवकामाला बहर आला. होयसळ राजांनी बेलूर आणि हळेबीड येथे उभारलेली मंदिरे शंखजिऱ्याच्या जातीच्या मऊ दगडाची आहेत. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत हळूहळू कठीण होतो. म्हणून मूर्तींच्या गळ्यातील दागिन्यांचे मणीदेखील तेथे सुटे कोरता आले. कठीण दगडावर इतके सूक्ष्म काम करणे फार कष्टाचे असते. त्यामुळे बेंगळूरुच्या जुन्या देवळांत अलंकरणापेक्षा घडणीचा भक्कमपणा अधिक भरतो.

दगडाचा आणखी एक स्वभाव आहे. तो वरून येणारा भार उत्तम पेलतो, परंतु वाकण्याचा ताण सहन करू शकत नाही. दोन खांबांवर दगडाची लांब तुळई ठेवली, तर मध्यभागी तिच्या खालच्या अंगाला ताण बसतो आणि ती तडकते. म्हणून दोन खांबांतील अंतर बेताचेच ठेवावे लागे. मंडप मोठा करायचा असेल, तर अंतर वाढवण्याऐवजी खांबांची संख्या वाढवणे हाच मार्ग होता. जुन्या मंडपांत खांबांचे जणू वनच दिसते, त्याचे कारण हे आहे. खांब टाळता येत नाहीत, हे ओळखून शिल्पकारांनी ते कोरले. अडचणीचेच अलंकारात रूपांतर झाले. बेंगळूरुच्या हलसूरु भागातील सोमेश्वर मंदिर याची साक्ष देते. या मंदिराचा मूळ भाग चोळ काळातील मानला जातो. विजयनगर काळात त्यात भर पडली आणि त्याच्या मंडपाचे कोरीव खांब आजही लक्ष वेधून घेतात.

शिखराचीही गोष्ट अशीच आहे. दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवत नेला, की जागा वर निमुळती होत जाते. शिखराचा चढता आकार या पद्धतीशी जुळणारा आहे. महाराष्ट्रातील हेमाडपंती म्हणून ओळखली जाणारी देवळे चुन्याशिवाय, दगडाला खाचा पाडून एकमेकांत बसवलेली आहेत. तेथे दगडाचे वजनच दगडाला जागेवर धरून ठेवते.

पाठगत प्रश्न १
(अ) जुन्या मंडपांत खांबांची संख्या जास्त का असते?
(आ) बेलूर-हळेबीड येथे सूक्ष्म कोरीवकाम का शक्य झाले?

३. एक शहर, अनेक काळ

‘प्राचीन मंदिर’ असे म्हणताना सर्व जुनी देवळे एकसारखी होती, असा समज होण्याचा संभव असतो. बेंगळूरुचा अनुभव वेगळा आहे.

शहराच्या दक्षिणेकडील बेगूर येथील नागेश्वर मंदिरसमूहाचा जुना भाग पश्चिम गंग राजांच्या काळातील, म्हणजे नवव्या-दहाव्या शतकांतील आहे. बेगूर येथेच सापडलेल्या, सुमारे इ.स. ८९० मधील जुन्या कन्नड शिलालेखात ‘बेंगळूरु’ हे नाव आढळते. शहराच्या नावाचा इतका जुना पुरावा एका देवळाच्या परिसरात जपला गेला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पुढे इ.स. १५३७ मध्ये केंपेगौडा यांनी आजच्या शहराचा पाया घातला. बसवनगुडी येथील नंदीचे मंदिर त्यांच्या काळातले मानले जाते. तेथील नंदी एकाच शिळेत घडवलेला असून त्याची उंची सुमारे साडेचार मीटर आहे. येथे कारागिराने दगड आणून देऊळ बांधले आणि मग मूर्ती बसवली, असे घडलेले नाही; आधी शिळा होती, तिच्यातून नंदी प्रकटला आणि त्याच्याभोवती देऊळ उभे राहिले.

इ.स. १६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशाही फौजेने बेंगळूरु घेतले आणि हा मुलूख शहाजीराजे भोसले यांच्याकडे जहागीर म्हणून आला. त्यांच्या पश्चात तो त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांच्याकडे राहिला. आजच्या मल्लेश्वरम भागातील काडु मल्लेश्वर मंदिराशी व्यंकोजीराजांचे नाव जोडलेले आहे. कन्नड भाषेत ‘काडु’ म्हणजे रान. इ.स. १६६९ च्या शिलालेखात व्यंकोजीराजांनी या देवस्थानाला एक गाव दान दिल्याची नोंद आहे. दान देणारा मराठा, देऊळ द्राविड धर्तीचे आणि परिसर कन्नड, असा हा संगम आहे. राज्यकर्ता बदलला म्हणून त्याने आपल्या मुलखातील शैली येथे लादली नाही. स्थानिक परंपरेलाच आधार दिला. याच व्यंकोजीराजांनी पुढे तंजावर येथे भोसले घराण्याचे राज्य स्थापन केले. तेथील बृहदीश्वर मंदिर चोळ राजा राजराज याने इ.स. १०१० च्या सुमारास पूर्ण केले होते आणि त्याचे विमान साठ मीटरहून उंच आहे. उंचीची ओढ केवळ आधुनिक काळाचीच आहे, असे म्हणता येणार नाही, हे यावरून स्पष्ट होते.

४. सूर्य हाही वास्तूचा घटक

बेंगळूरुच्या गविपुरम भागातील गवि गंगाधरेश्वर मंदिर हे गुहामंदिर आहे. कन्नड भाषेत ‘गवि’ म्हणजे गुहा. दरवर्षी मकरसंक्रांतीच्या दिवशी, १४ जानेवारीच्या सुमारास, मावळतीकडे झुकलेल्या सूर्याची किरणे नंदीच्या शिंगांमधून गुहेत शिरतात आणि शिवलिंगावर पडतात. तो क्षण पाहण्यासाठी मोठी गर्दी लोटते.

या घटनेमागे आकाशाचे काटेकोर निरीक्षण आहे. सूर्य मावळण्याची जागा वर्षभर बदलत असते. २२ डिसेंबरच्या सुमारास ती अगदी दक्षिणेकडे पोहोचते आणि मग पुन्हा उत्तरेकडे सरकू लागते. त्यामुळे जानेवारीच्या मध्यावर सूर्य आकाशात ज्या स्थानी असतो, जवळजवळ त्याच स्थानी तो नोव्हेंबरच्या अखेरीसही येऊन गेलेला असतो. म्हणून किरणांचा हा प्रवेश वर्षातून दोनदा घडतो. संक्रांतीचा दिवस सणाचा असल्यामुळे लोकांना तोच ठाऊक असतो.

या उदाहरणातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. या देवळाची हद्द त्याच्या कुंपणापाशी संपत नाही. किरणांची वाट जेथून येते, ते आकाशही त्या देवळाचा भाग आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस थॉमस आणि विल्यम डॅनियल या इंग्रज चित्रकारांनी या मंदिराची चित्रे काढली. त्या चित्रांत आजच्या मानाने बांधकामे कमी दिसतात. नंतरच्या प्रत्येक भिंतीने आणि छताने प्रकाशाची वाट थोडीफार बदलली असली पाहिजे. भोवतीचे शहर उंच होत जाईल, तसा हा प्रश्न अधिक बिकट होईल. मंदिराचा एकही दगड न हलवता त्याच्यातील एक अमोल गोष्ट नाहीशी होऊ शकते.

पाठगत प्रश्न २
(अ) काडु मल्लेश्वर मंदिराचा मराठी इतिहासाशी कोणता संबंध आहे?
(आ) गवि गंगाधरेश्वर मंदिरात सूर्यकिरणे वर्षातून दोनदा का प्रवेश करतात?

५. पोलाद आले, खांब विरळ झाले

विसाव्या शतकात सिमेंट आणि पोलाद सहज उपलब्ध झाले. काँक्रीट दगडाप्रमाणेच भार पेलते. मात्र त्याच्या पोटात पोलादी सळया घातल्या, की वाकण्याचा ताण त्या सळया सोसतात. ‘अंतर वाढवू नका’ ही दगडाची आज्ञा येथे मोडली गेली. मोठी छते थोड्या खांबांवर पेलता येऊ लागली. शेकडो माणसांना एकाच वेळी देवदर्शन घेता येईल, अशी सभागृहे बांधणे शक्य झाले.

बेंगळूरुच्या राजाजीनगर भागात एका खडकाळ टेकडीवर उभारलेले इस्कॉनचे राधा-कृष्ण मंदिर हे याचे ठळक उदाहरण होय. इ.स. १९९७ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. शंकर दयाळ शर्मा यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. दाक्षिणात्य गोपुरे आणि काचेच्या मोठ्या भिंती यांचा मेळ या मंदिरात घातलेला आहे. समोर सुमारे सतरा मीटर उंचीचा सोन्याचा मुलामा दिलेला ध्वजस्तंभ आहे. जुन्या देवळात भक्त प्रकाशातून अंधाराकडे जातो. मंडप, अंतराळ, गाभारा असा प्रवास करताना जागा आकसत जाते आणि समईच्या ज्योतीत मूर्ती दिसते. येथे त्याउलट जागा विस्तारत जाते आणि भरपूर उजेडात मूर्ती दिसते. पहिली वास्तू एकान्ताला अनुकूल आहे, दुसरी समुदायाला.

जुन्या विमानतळाच्या रस्त्यावरील शिवमंदिरात आणखी पुढचे पाऊल दिसते. इ.स. १९९५ मध्ये तेथे पासष्ट फूट उंचीची बसलेल्या शिवाची मूर्ती उभारण्यात आली. ही मूर्ती गाभाऱ्यात नाही. ती उघड्या आकाशाखाली आहे. ज्याच्याभोवती सारी वास्तू रचली जात असे, तो गाभाराच येथे बाजूला पडला आणि मूर्ती हीच वास्तू झाली.

आधुनिक मंदिर म्हणजे काँक्रीट, असे समीकरण मात्र मांडता येणार नाही. इ.स. २००५ मध्ये दिल्लीत खुले झालेले अक्षरधाम मंदिर पोलादी सांगाड्याशिवाय, राजस्थानी वालुकाश्म आणि संगमरवर यांत बांधलेले आहे. तेथे रचना जुनी आणि दगड कापण्याची यंत्रे नवी आहेत.

नव्या साहित्याला मर्यादाही आहेत. काँक्रीटच्या भेगांतून पाणी आत गेले, की सळया गंजतात. गंजलेली सळई फुगते आणि भोवतीचे काँक्रीट फोडते. त्यामुळे अशा वास्तूची सतत निगा राखावी लागते. चुना आणि लोखंड यांच्याशिवाय रचलेले दगडी देऊळ मात्र हजार वर्षे टिकल्याची उदाहरणे आपल्यासमोर आहेत.

६. दार कोणासाठी?

वास्तूची तुलना केवळ खांब आणि शिखरे यांच्यापाशी थांबली, तर ती अपुरी राहील. दाराची रुंदी मापून झाल्यावर त्या दारातून कोणाला जाता येत होते, हेही विचारले पाहिजे. ज्यांच्या श्रमांतून दगड फोडला आणि वाहिला गेला, अशा कित्येकांना पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या बाहेर उभे राहावे लागले.

नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा, म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. तो काही वर्षे चालला, तरीही त्या काळात दार उघडले नाही. इ.स. १९३९ मध्ये दिल्लीच्या बिर्ला मंदिराचे उद्घाटन करताना, मंदिर सर्व जातींना खुले असले पाहिजे, अशी अट महात्मा गांधींनी घातली होती. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे, म्हणून इ.स. १९४७ मध्ये साने गुरुजींनी उपोषण केले आणि ते दार उघडले. पुढे इ.स. १९५० मध्ये अमलात आलेल्या भारतीय संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली आणि सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था सर्व वर्गांना खुल्या करण्याचा कायदा करण्याचे सामर्थ्य राज्याला दिले.

आधुनिक मंदिराची प्रशस्त सभागृहे या बदलाच्या पार्श्वभूमीवर पाहिली, तर त्यांचा अर्थ अधिक उलगडतो. पोलादामुळे मोठे सभागृह बांधता आले. परंतु त्यात सर्वांनी बसावे, हे पोलादाने ठरवले नाही. ते माणसांच्या लढ्याने ठरवले. वृद्ध आणि अपंग व्यक्तींसाठी उतरता मार्ग बांधणे हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे. उंच जोते आणि दगडी पायऱ्या असलेल्या जुन्या देवळांतही मूळ बांधणीला धक्का न लावता अशी सोय करता येते.

७. जुने जुनेच राहावे

जीर्णोद्धार ही आपली जुनी परंपरा आहे. पडलेले देऊळ उभे करणे पुण्यकर्म मानले गेले. तथापि, जीर्णोद्धाराच्या नावाखाली कोरीव खांबांवर तैलरंगाचे थर देणे, दगडी भिंतींना सिमेंटचा गिलावा करणे, फरशीखाली शिलालेख गाडणे, असे प्रकार पुष्कळ ठिकाणी घडतात. हेतू भक्तीचाच असतो, पण परिणाम हानीचा होतो. दगडातील ओलावा बाहेर पडण्याची वाट सिमेंट अडवते आणि दगड आतून झिजू लागतो. रंगाखाली शिल्पाची रेषा बुजते. शिलालेख नाहीसा झाला, तर गावाच्या इतिहासाचा साक्षीदारच नाहीसा होतो. बेगूरचा लेख नष्ट झाला असता, तर बेंगळूरु या नावाच्या प्राचीनतेचा एक मोठा आधार हरपला असता.

राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंना इ.स. १९५८ च्या कायद्याने संरक्षण दिले आहे. इ.स. २०१० च्या दुरुस्तीनुसार अशा वास्तूच्या शंभर मीटर परिसरात नव्या बांधकामास मनाई आहे. परंतु गावोगावच्या असंख्य देवळांना हे संरक्षण लाभलेले नाही. त्यांचे रक्षण तेथील पुजारी, विश्वस्त, गवंडी आणि भक्त यांनाच करावे लागते. नवे मंदिर नव्या साहित्यात, नव्या गरजांनुसार अवश्य बांधावे. जुन्याला मात्र नव्याचे रूप देण्याचा आग्रह धरू नये. कारण नवे पुन्हा बांधता येते, जुने पुन्हा बांधता येत नाही.

पाठगत प्रश्न ३
(अ) काँक्रीटमधील पोलादी सळयांचे कार्य कोणते?
(आ) सिमेंटच्या गिलाव्यामुळे जुन्या दगडी भिंतीची हानी कशी होते?

तुम्ही काय शिकलात?

• मंदिराचा आकार श्रद्धा, उपलब्ध साहित्य आणि समाजाची गरज या तिन्हींतून घडतो.
• दगड भार पेलतो, पण वाकण्याचा ताण सोसत नाही. म्हणून जुने मंडप अनेक खांबांचे असतात. पोलादयुक्त काँक्रीटमुळे विस्तीर्ण सभागृहे शक्य झाली.
• गाभारा, शिखर, गोपुर, ध्वजस्तंभ ही अंगे आधुनिक मंदिरांतही बहुधा टिकून आहेत. प्रकाश, विस्तार आणि उंची यांत मोठा बदल झाला आहे.
• सर्वांना मंदिरप्रवेश मिळणे हा बांधकामातील नव्हे, तर समाजातील बदल आहे.
• जुन्या वास्तूचे जतन करताना तिचे मूळ साहित्य, शिलालेख आणि परिसर यांना धक्का लागता कामा नये.

शब्दार्थ

तुळई – खांबांवर आडवा ठेवलेला दगड किंवा लाकूड
पुष्करणी – देवळाचे बांधीव तळे
जोते – इमारतीचा जमिनीवरील उंच पाया
शिळा – मोठा दगड
गिलावा – भिंतीवर दिलेला चुन्याचा किंवा सिमेंटचा थर
जीर्णोद्धार – मोडकळीस आलेल्या वास्तूची पुन्हा उभारणी

स्वाध्याय

१. प्राचीन व आधुनिक मंदिरांची तुलना साहित्य, प्रकाश आणि भक्तांची सोय या तीन मुद्द्यांच्या आधारे करा.
२. ‘या देवळाची हद्द त्याच्या कुंपणापाशी संपत नाही’ या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
३. ‘ते माणसांच्या लढ्याने ठरवले’ या वाक्याचे पाठातील उदाहरणांच्या आधारे स्पष्टीकरण करा.
४. तुमच्या गावातील एका जुन्या देवळाला भेट द्या. खांब, शिखर, दगड, शिलालेख आणि अलीकडे झालेले बदल यांची नोंद करून दहा-बारा ओळींचा वृत्तान्त लिहा.
५. गावातील जुन्या देवळाला तैलरंग देण्याचे विश्वस्तांनी ठरवले आहे. त्यांना पुनर्विचाराची विनंती करणारे पत्र लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) दगडी तुळई वाकण्याचा ताण सोसत नाही. म्हणून खांबांतील अंतर बेताचे ठेवून खांबांची संख्या वाढवावी लागे. (आ) तेथील दगड खाणीतून काढताना मऊ असतो आणि नंतर कठीण होतो.
२. (अ) इ.स. १६६९ च्या शिलालेखानुसार व्यंकोजीराजे भोसले यांनी या देवस्थानाला गाव दान दिले. (आ) सूर्य दक्षिणेकडे जाताना आणि परतताना असा दोनदा जवळजवळ त्याच स्थानी येतो.
३. (अ) वाकण्यामुळे निर्माण होणारा ताण सोसणे. (आ) दगडातील ओलावा बाहेर पडू शकत नाही आणि दगड आतून झिजतो.